पहिली पाटी

माझ्या सासूबाईंना खोटं बोलता येत नसे. सगळ्या गावाला याचं कौतुक होतं, कारण गावाला त्यांच्याबरोबर संसार करायचा नव्हता. कुणी वाटीभर तेल मागायला आलं आणि मी "संपलंय" म्हटलं, की या आतून ओरडायच्या, "अगं, हाय की बुधलीत अर्धं!" मी मुळातली फटकळ, पण आत्याबाईंपुढे माझं काही चालत नसे. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात. त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत मात्र त्यांच्या या गुणाने माझ्या तोंडचं पाणी पळालं. नगरच्या दिवाणी कोर्टात त्यांची साक्ष होती, आणि तिथे त्यांनी एक गोष्ट खरी सांगितली असती तर आमचं शेत गेलं असतं.

शेत म्हणजे तिसगावपासून कोसभरावर, ओढ्याच्या कडेची लांबट पट्टी. गावात तिला चोळीची पट्टी म्हणतात. आत्याबाई, म्हणजे कडूबाई, ऐन तारुण्यात विधवा झाल्या. सासरच्यांनी पदरात काही टाकलं नाही. तेव्हा त्यांचे थोरले भाऊ सूर्यभानमामा बैलगाडी घेऊन गेले आणि बहिणीला तिच्या लहानग्या पोरासकट माहेरी घेऊन आले. पाच माणसं बोलावली, ओढ्याकाठच्या बांधावर नारळ फोडला, हद्दीला दगड रोवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "कडू, हे तुजं चोळीबांगडीचं. आजपास्नं तुजं तू बग." पाच जणांनी गूळखोबरं खाल्लं आणि आपापल्या घरी गेले. कागद कुणी केला नाही. बहिणीला दिलेल्या जमिनीचा कागद करायचा म्हणजे तिला परकी मानायचं, अशी आमच्याकडची समजूत. या समजुतीपायी किती बायका उघड्यावर आल्या असतील कोण जाणे.

पट्टी तेव्हा नुसती खडकाळ होती. आत्याबाईंनी दगड वेचून वेचून बांध घातले. तेवढ्यावर पोट भरेना, म्हणून दसरा झाला की मायलेक ऊसतोडीला जायचे. लग्न झालं त्या साली मीही गेले, श्रीरामपूरच्या बाजूला एका कारखान्याच्या तळावर. राहायला पाचटाची कोपी, खाली ओल, आणि पहाटे अंधारात फडात जायचं. माझं पहिलं मूल त्या कोपीत थंडीने गेलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. परत आलो आणि आमच्या ह्यांनी (नाव कानिफनाथ, आता लिहायला हरकत नाही) हट्टाला पेटून पट्टीत विहीर खोदायला घेतली. पाणी लागलं. पुढच्या दसऱ्याला आम्ही घरीच राहिलो. दुसऱ्या खेपेची मुलगी स्वतःच्या छपराखाली झाली आणि जगली. त्या पट्टीकडे बघताना मला जमीन दिसायची नाही, माझी पोरगी दिसायची.

मामा वारले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून त्यांच्या मुलाचं, गहिनीनाथचं नाव लागलं. पट्टीसकट. वर्ष-दोन वर्षं तो गप्प होता. मग पावसाने ओढ दिली, त्याच्या विहिरी आटल्या, आमची तेवढी टिकली, आणि कोर्टाची नोटीस आली. जमीन माझ्या बापाची, आत्याला कसून खायला दिली होती, ती आता परत हवी. राग तर मला एवढा आला की त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण खरं सांगायचं तर तो काही राक्षस नव्हता. त्यालाही तीन लेकरं होती, रान करपलं होतं आणि कागद त्याच्या बाजूने बोलत होता.

नगरला आप्पासाहेब नावाचे वकील आम्हाला मिळाले. जाड चष्मा, सतत सुपारी. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं आणि एकेक बोट मोजायला घेतलं.

"बाई, जमिनीची मालकी कशी येते ते आधी समजून घ्या. विकत घेतली तर खरेदीखत लागतं, नोंदणी केलेलं. कुणी बक्षीस दिली तर बक्षीसपत्र लागतं, तेही नोंदणी केलेलं. नाहीतर वारसा, नाहीतर वाटणी. तुमच्याकडे यातलं काय आहे?"

"दादानं नारळ फोडलाय की," आत्याबाई म्हणाल्या.

"नारळाची नोंद कचेरीत होत नाही, बाई."

"पन सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात आईचं नाव हाय," आमचे हे म्हणाले.

"पीक कोणी काढलं ते त्यावरून कळतं. मालक कोण ते ठरत नाही." वकिलांनी सगळी बोटं मिटली. मग त्यांनी अंगठा तेवढा वर केला. "एक वाट राहते. जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे, पण कोणी ती बारा वर्षं उघडपणे, खंड न पडता, स्वतःची म्हणून कसली, आणि नाव असणारा नुसता बघत बसला, तर कायदा त्याला म्हणतो, तुझा हक्क बुडाला. याला प्रतिकूल कब्जा म्हणतात. तुमचं तोंडी दान कायद्याने कच्चं. पण त्या दिवसापासून तुम्ही मालकीण म्हणूनच वागलात, भावाच्या मर्जीवर राहिला नाहीत, हे दाखवता आलं तर आपण जिंकलो. तुमची बारा वर्षं कधीच उलटली आहेत."

"प्रतिकूल म्हंजी?"

"म्हणजे त्याच्या विरुद्ध."

"दादाच्या इरुद्ध? मी?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, दर सालाला रास झाली की पयली पाटी मी दादाच्या घरी नेती. माझ्या डोक्यावर नेती. त्याच्या आदुगर आमी चूल सुदिक पेटवत न्हाई नव्या दान्याची."

वकिलांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

ही पाटीची गोष्ट मला लग्नानंतर पहिल्याच सुगीला कळली होती. खळ्यावर ज्वारीची रास झाली, की आत्याबाई पहिल्या मापाने पाटी भरायच्या, वर चिमूटभर हळदकुंकू टाकायच्या आणि कुणाला उचलू न देता, पहाटे ओढ्याकडच्या वाटेने मामांच्या घरी परसदारी जायच्या. मामांच्या बायको, गोजरमामी, ती पाटी उतरवून घ्यायच्या, आणि रिकामी परत द्यायची नाही म्हणून तिच्यात खण घालायच्या. दर साली एक खण. मामा गेल्यावरही हे चालू होतं. नोटीस आली त्या सालीसुद्धा आत्याबाई पाटी घेऊन निघाल्या होत्या, आमच्या ह्यांनी हात धरून थांबवलं.

"ही पाटी आपल्याला बुडवणार," आप्पासाहेब म्हणाले. "समोरचा वकील विचारेल, दरवर्षी पहिलं माप भावाच्या घरी का? म्हणजे जमीन भावाची हे तुम्हाला कबूल होतं, त्याच्या परवानगीने राहत होता. तो त्याला खंड, म्हणजे कसण्याचं भाडं, म्हणणार नाही, तेवढा तो हुशार आहे, खंड म्हटला तर तुम्ही कूळ ठराल आणि कूळकायदा त्याच्याच गळ्यात येईल. तो म्हणेल प्रेम."

मला राहवेना. "पण मामी पाटीत खण घालून पाठवायच्या! मालक कुठं खण देतो का?"

"तेच तर सांगतोय. तुम्ही जेवढं प्रेम सिद्ध कराल तेवढी जमीन जाईल. प्रेमाने वापरायला दिलेली जमीन वापरणाऱ्याची होत नाही, किती का वर्षं जाईनात." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पाटी जाताना बाहेरचं कोणी बघितलंय?"

"परसदारानं जायाची मी. मिरवायचं काय त्यात?" आत्याबाई म्हणाल्या.

"मग गहिनीनाथ सांगेल, पण तो वादी, त्याच्या फायद्याचंच बोलणार. त्याची आई साक्षीला आली आणि तिने सांगितलं तर मात्र अवघड आहे. आणि तुम्ही स्वतः हो म्हणालात तर विषयच संपला. खोटं बोला असं मी कुणाला सांगत नाही. काय ते तुम्ही ठरवा."

पाठोपाठ कळलं की गोजरमामींचं नाव साक्षीदारांच्या यादीत आलंय.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. भाकरी थापताना मधेच हात थांबायचा. रस्त्यावर ट्रक वाजला की ऊसतोडीची गाडीच दारात आली असं वाटून मी बाहेर धावायचे. आमचे हे रात्रंदिवस विहिरीवर. त्या विहिरीच्या जिवावर अर्धा एकर ज्वारी उभी होती. बाकी शिवारात बघवत नव्हतं. सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता आणि रेशनचा मिलो, म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी, खात होता. आणि आत्याबाई शांतपणे खुरपत बसलेल्या.

"आत्याबाई, एक शब्द म्हणायचा. नाही म्हणायचं. बास."

"देवाची आन घिऊन?"

"पोरीकडं बघा की जरा!"

"बगती की. तिलाच वाडवायची हाय." त्या खुरपं खाली ठेवायच्या. "सूनबाई, दादानं मला काट्यातनं उचलून आनलं. आन मी कोर्टात हुबं ऱ्हाऊन म्हनू, मी त्याला एक दाना दिला न्हाई? तो वरनं काय म्हनंल?"

"मामा वरनं म्हणतील, गप नाही म्हण आणि शेत वाचव!"

यावर त्या हसायच्या. मला रडू यायचं. एकदा तर मी म्हणाले, तुमच्या खरेपणाचं ओझं माझ्या लेकरानं का उचलायचं? त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

तारखेच्या दिवशी सकाळी आत्याबाई आवरून बाहेर आल्या आणि मी मटकन खाली बसले. अंगात हिरवी चोळी होती, तांबड्या काठाची. मामींनी घातलेल्या खणाची.

"आत्याबाई, ही चोळी? दुसरी घाला!"

"दुसरी हाय कुठं?" त्या म्हणाल्या. "ज्या हायेत त्या समद्या तिकडल्याच."

खरंच होतं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी चोळीचं कापड कधी विकत घेतलंच नव्हतं. माझं झंपर त्यांना होणारं नव्हतं. शेवटी मीच त्यांचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घट्ट खोचला, आणि म्हटलं, काही झालं तरी हा सोडू नका.

एसटीत आमच्या पुढच्या बाजूला गहिनीनाथ आणि मामी बसले होते. गावातून नगरला जाणारी सकाळची गाडी एकच, भांडण असो की लग्न. करंजीच्या घाटात गाडी वळली की मामींचा तोल जायचा आणि आत्याबाईंचा हात आपोआप पुढे व्हायचा, मग त्या तो मागे घ्यायच्या. मामी वळून बघत नव्हत्या. त्या फार बोलणाऱ्या बाई नव्हत्याच. नवऱ्यापुढे बोलल्या नाहीत, मुलापुढे बोलल्या नाहीत. मुलाच्याच घरात, सुनेच्याच हातचं खाऊन राहायचं असलेली म्हातारी बाई कुणाच्या बाजूने बोलणार हे मला बसमध्येच दिसत होतं.

आधी गहिनीनाथची साक्ष झाली. त्याने सरळ सांगितलं. आत्यावर बापाचा जीव होता, म्हणून कसायला दिली, आत्याही जाणीव ठेवून दर सालाला पहिली पाटी आणून घालायची. त्याने एकही शब्द खोटा सांगितला नाही. आप्पासाहेबांनी उलट विचारलं तेवढंच, की यात तुझा फायदा आहे ना? तो म्हणाला, व्हय, हाय.

मग शिपायाने पुकारा केला. साक्षीदार म्हणून मामी तोवर बाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. आत आल्या, पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला, शपथ घेतली. न्यायाधीशसाहेब खाली मान घालून लिहीत होते. गहिनीनाथच्या वकिलाचा चेहरा निवांत होता. त्याला काळजी कशाची? त्याच्या साक्षीदाराला फक्त खरं सांगायचं होतं.

"गोजरबाई, प्रतिवादी कडूबाई तुमची नणंद ना?"

"व्हय."

"तुमच्या मालकांचं आणि तिचं चांगलं होतं ना?"

मामींनी पहिल्यांदा आमच्याकडे बघितलं. आत्याबाईंनी नेमका तेव्हाच पदर सावरायला हात वर केला आणि तांबडा काठ दिसला. मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. मामींची नजर त्या चोळीवर थांबली होती. आता त्या बोट दाखवणार आणि म्हणणार, तिच्या अंगावर बगा, मीच दिलेली हाय.

"न्हाई," मामी म्हणाल्या.

वकिलाला वाटलं प्रश्न कळला नाही. "भावाबहिणीचं येणं-जाणं होतं ना? प्रेम होतं ना?"

"न्हाई. वैर हुतं."

"बाई, नीट ऐका. दर साली सुगीत कडूबाई तुमच्या घरी धान्याची पाटी घेऊन यायची, बरोबर?"

"कसली पाटी? कदीच न्हाई आली. तिनं जमीन धरली ती धरलीच. ह्यांनी लई डाव मागितली, तिनं दिली न्हाई. आमच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला न्हाई."

गहिनीनाथ उभा राहिला, "आई!" म्हणाला, आणि शिपायाने त्याला खाली बसवलं. त्याच्या वकिलाने साहेबांना सांगितलं की साक्षीदार फितूर झाली आहे, आणि मग स्वतःच्याच साक्षीदाराला उलटसुलट विचारायला सुरुवात केली. तुम्ही खोटं सांगताय. न्हाई. तुम्हाला प्रतिवादीने फितवलं. माझं तिचं बोलनं न्हाई. तुमचे यजमान बहिणीवर माया करत होते. न्हाई, त्येंचं तिचं वैर हुतं. कठड्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती, पण आवाज हलला नाही.

वैर हा शब्द त्यांना कुठून सुचला, हे मला नंतर उमगलं. त्यांच्याच वकिलाने त्यांना बजावून ठेवलं असणार, प्रेम होतं म्हणून सांगा, पाटी यायची म्हणून सांगा, वैर म्हणालात तर खटला बुडाला. कुठला शब्द खटला बुडवतो ते मामी शिकून आल्या होत्या.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

दुपारच्या सुट्टीनंतर आत्याबाईंची साक्ष. सुट्टीत बांधून आणलेली भाकरी तशीच राहिली. आप्पासाहेब जवळ येऊन कुजबुजले, "आता फक्त तुमच्यावर आहे, बाई," आणि निघून गेले. मला वाटलं, आता मी काही बोलले तर उलटच होईल. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटून बसले.

पिंजऱ्यात त्या उभ्या राहिल्या तेव्हा मामी मागच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. गहिनीनाथ त्यांच्यापासून लांब, भिंतीपाशी. आप्पासाहेबांनी नारळाचं विचारलं, दगडाचं विचारलं, विहिरीचं विचारलं. मग तो दुसरा वकील उठला. सकाळी तोंडघशी पडल्यामुळे तो चिडलेला होता.

"कडूबाई, देवाला स्मरून सांगा. दरवर्षी पहिली पाटी तुम्ही भावाच्या घरी नेत होता की नाही?"

आत्याबाईंनी खोल श्वास घेतला. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. मी आत्याबाईंना ओळखत होते, त्या खरं सांगायच्या आधी असाच श्वास घ्यायच्या. गेलं शेत, मी मनात म्हटलं, गेलं. आमचे हे खाली बघत होते.

त्या मात्र बघत होत्या मागच्या बाकाकडे. खरं बोलल्या असत्या तर मामी भर कोर्टात खोट्या पडणार होत्या, देवाची शपथ घेऊन, पोटच्या पोराला बुडवून, आणि तेही फुकट.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"कदीच न्हाई."

"भावाशी तुमचं काय होतं मग?"

"वैर हुतं," आत्याबाई म्हणाल्या आणि कठड्यावर डोकं टेकलं. कोर्टाने त्यांना पाणी द्यायला सांगितलं. माझं म्हणाल तर, मला तेव्हा आनंद झाला. त्या बाईचं काय झालं असेल हे मनात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

परतायलाही एसटी एकच होती. गहिनीनाथ पुढे उभा राहिला. मामी एका बाजूला, आत्याबाई दुसऱ्या बाजूला, मधे येण्याजाण्याची वाट. दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. तिसगावला उतरेपर्यंत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

फाल्गुनात निकाल लागला. जमीन आमची. दावा फेटाळला. आप्पासाहेबांनी निकालातलं वाचून दाखवलं, की प्रतिवादी कडूबाई यांनी बंधूशी शत्रुत्वाने व उघडपणे कब्जा ठेवला असे वादीच्याच आईच्या साक्षीवरून शाबीत होते. आत्याबाईंनी ते परत वाचायला लावलं नाही. वकील म्हणाले, "अजून अपिलाची मुदत आहे. त्या घरात तुमचा एक दाणा जाता कामा नये, आणि तिकडची सुतळीसुद्धा इकडे नको. लोकांचे डोळे असतात."

आठवड्याभरात आमचं खळं झालं. अर्ध्या एकराची ती रास, पण त्या साली आजूबाजूला कुणाच्या खळ्यावर तेवढीही नव्हती. लोक बांधावरून जाताना थांबून बघायचे. आत्याबाईंनी मापटं घेतलं आणि पाटी भरली. वर हळदकुंकू टाकलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "वकील काय म्हणालेत?"

"ठावं हाय मला."

तरी त्यांनी पाटी डोक्यावर घेतली आणि ओढ्याच्या बाजूला निघाल्या. मी पोरीला कडेवर घेऊन मागे पळाले. हद्दीच्या दगडाशी त्या थांबल्या. ऊन कलत होतं, आणि पलीकडच्या वाटेने खडीवरून सुटलेल्या बायका घराकडे चालल्या होत्या. त्यांच्यात मामी होत्या. केसांवर, भुवयांवर दगडाची भुकटी, डोक्यावर रिकामं घमेलं. चार पावलं मागे गहिनीनाथ, खांद्यावर पहार. त्यांच्या घरी मिलोची भाकरी होती हे मला माहीत होतं, सगळ्यांच्याच घरी होती.

मामी थांबल्या. त्यांची नजर पाटीवर गेली, पांढऱ्या दाण्यावर, वरच्या कुंकवावर. आत्याबाईंनी पाटी डोक्यावरून उतरवून दोन्ही हातांत धरली. मधे तो दगड होता, मामांनी रोवलेला. हात लांब केला असता तर पाटी पोचली असती.

"कुनाला दावतीस गं पाटी?" मामी मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "तुज्या दान्यावाचून आमचं काय अडलं न्हाई! दगडाच्या ह्या बाजूला पाय टाकू नगंस!"

बायका थबकल्या. कुणी कुणाला कोपराने ढोसलं. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा झाला की जिंकल्यावरसुद्धा कडूबाई भावजयीला ज्वारी दाखवून चिडवायला गेली होती. गहिनीनाथने आमच्याकडे एकदा बघितलं, मग खाली बघत चालू लागला. मामी पुढे गेल्या. वळणापर्यंत त्या ताठ चालल्या, आणि वळणावर त्यांनी पदराचं टोक तोंडावर घेतलं. ते फक्त आम्ही दोघींनी बघितलं.

आत्याबाई खळ्यावर परत आल्या. पाटी राशीवर उपडी केली. हळदकुंकू लागलेले दाणे बाकीच्या दाण्यांत मिसळून गेले.

"मुदत संपली की नेऊ आपण," मी म्हणाले.

"कशी नेनार? कोर्टात कदीच न्हाई म्हनलंय न्हवं मी." रिकामी पाटी त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्या बुडाला चिकटलेला एक दाणा नखाने काढला. "आता झाली बग सूनबाई, ही जमीन माजी."